सांधेवाल्याचं घर

त्या घरात शिरताना मी अडखळले, ते दारात उंबरा नव्हता म्हणून. जुनं घर म्हटलं की पाय आपसूक उचलला जातो. मी तो उचलला, सवयीने पलीकडे टाकला, तोल गेला आणि हातातली दिव्यांची पेटी शेजारच्या कॅमेरामनच्या पावलावर पडली. तो माझ्यावर खेकसला, मी त्याच्यावर. आतून कुणीतरी खळखळून हसलं.

"सगळीच अडखळतात," आतला आवाज म्हणाला. "न अडखळता आलेला पावना अजून यायचा हाय. या, बसा. आधी बसा, मंग बघा."

हा नुसता पाहुणचार असेल असं समजून मी उभ्यानेच घर बघायला लागले. समोर भिंत. उजवीकडे भिंत. खिडक्या होत्या, पण सगळ्या माझ्या कमरेच्या खाली. आरसा गुडघ्याशी. देव्हारा इतका खाली की देवांना नमस्कार करायला वाकावं लागत होतं. दिव्याची बटणं शोधायलाही मला वेळ लागला. शेवटी चडफडत सतरंजीवर बसले आणि एकदम समोर पिकायला आलेली भाताची खाचरं दिसली, त्यामागे घाटाचे डोंगर, आणि आरशात माझा घामेजलेला चेहरा. उभ्या माणसाची त्या घराने दखलच घेतली नव्हती. मी कॅमेरामनला म्हटलं, "तिपाईचे पाय पसर." तो आधीच पसरत होता.

आवाज होता आत्यांचा. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. दहिवलीच्या त्या आळीत सगळ्यांनाच त्या आत्या, म्हणून आम्हालाही. सत्तरी ओलांडलेल्या, लहानपणी तापात दोन्ही पाय गेलेले. त्या बसल्या होत्या एका लाकडी गाडीवर. बसकी खुर्ची, खाली चार चाकं, उजव्या हाताशी ब्रेकचा दांडा. ही गाडी त्यांच्या वडलांनी केलेली. चाकं कितीदा बदलली, बैठक बदलली, दांडा मात्र तोच, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. आणि हे घरही वडलांनीच बांधलेलं, मुलीला कुणी उचलावं लागू नये म्हणून. आळीत त्याला आजही 'घसरगुंडीचं घर' म्हणतात, आणि बांधणाऱ्याला त्या काळी काय म्हणत असतील ते सांगायला नको.

मी माहितीपट करते. असं सांगितलं की लोक विचारतात, वाघ दिसला का? वाघ सोडा, माझं पोट चालतं कर्जतच्या फार्महाउसवरच्या लग्नांवर, जिथे नवरा-नवरी तलावाकाठी पळतात आणि आम्ही त्यांच्यामागे. त्या वर्षी मात्र मनासारखं काम मिळालं. जुन्या, तऱ्हेवाईक घरांच्या आतल्या भागावर छोट्या फिल्म करायच्या होत्या. अट एकच, कॅमेरा घराबाहेर न्यायचा नाही. कुणाच्या घरात डोकवायचं म्हटलं तर मला आमंत्रण लागत नाही, आणि इथे तर तेच काम होतं. मी घसरगुंडीचं घर लहानपणापासून रिक्षातून पाहत आले होते. बाहेरून ते इतर कौलारू घरांसारखंच दिसतं, जरा लांबट.

पहिला चहा होतोय तोच आत्यांचा भाचा आला. पन्नाशीचा गृहस्थ, खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर. हातात भाजीची पिशवी, तोंडावर रात्रपाळीची झोप. हा माणूस दारात अडखळला नाही, कारण तो याच घरात वाढला होता. कॅमेरा बघून तो बिचकेल असं मला वाटलं होतं. त्याने पाट ओढला आणि सरळ कामाचंच बोलला.

"मॅडम, एक काम करा. मी इथं असलो की गाडी मीच ढकलतो. आत्या एकटी घरातल्या उतारावरनं कशी येते, ते मी किती वर्षांत बघितलेलं नाय. तुम्ही ते शूट करा आणि मला दाखवा. नीट उतरत असली तर मी परत खोपोलीचं नाव काढणार नाय. नायतर दिवाळीनंतर तिला फ्लॅटवर घेऊन जाणार. तिचे हात बघा, काटक्या झाल्यात. ड्युटीवर माझं चित्त राहत नाय ओ."

"आन् तिथं मी काय करू रं?" आत्या म्हणाल्या. "तुझ्या दाराला बोटभर उंबरा, बाथरूमला टीचभर. तिथं मी म्हंजी उचलून ठेवायचं सामान. इथं मला वाटंल तवा मी देवाशी जाते, वाटंल तवा चुलीशी."

"पडलीस म्हणजे?"

"अजून नाय पडले."

"अजून!" भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, जणू मी न्यायाधीश. तो वाईट माणूस असता तर मला बरं झालं असतं. चिडायला सोपं गेलं असतं. त्याने पिशवीतली पालेभाजी निवडायला घेतली, आत्याच्या हाताला पोचेल अशा फळीवर दुधाची पिशवी ठेवली, आणि खोपोलीला झोपायला गेला.

मग आम्ही घर बघायला लागलो. सगळं बसून, किंवा रांगत. घर टेकाडाच्या उतारावर आहे. ओटी खाली, स्वयंपाकघर मध्ये, झोपायची खोली वर. आणि या तिन्ही ठिकाणी जायला पायरी एकही नाही. घराच्या पोटातून एक लांब उतरती वाट वळत जाते, दोन्ही बाजूंना चाक बाहेर जाऊ नये म्हणून बुटका काठ. भिंतीलगत जाड दोर ओवलेला. वर जाताना आत्या तो दोर धरून स्वतःला ओढत नेतात, आणि दम लागला की चाकाखाली एक खुट्टी पडते, गाडी मागे येत नाही. खाली येताना ब्रेक. वाटेवर हाताच्या उंचीला कोनाडे, आणि कोनाड्यांत सगळा संसार. काडेपेटी, रेडिओ, चष्मा, अडकित्ता, नेलकटर. बाई जाता जाता घर चालवते, हे मी तिथे पाहिलं. माझ्या घरात मला कात्री कधी सापडली नाही.

मला प्रश्न विचारण्याची हौस आहे आणि आत्यांना उत्तर लांबवण्याची. ओटीच्या भिंतीवर एक कोरीव उंबरा टांगला होता, फोटो टांगावा तसा, हळदीकुंकवाचे डाग अजून त्यावर. मी विचारलं, हा इथे कसा? तर आत्यांना हसू आवरेना. भावाचं लग्न झालं, नवी नवरी दारात आली, माप ओलांडायची वेळ झाली, आणि सगळ्या बायकांच्या ध्यानात आलं की घराला उंबराच नाही. माप ठेवायचं कुठं? वरमाय रडायच्या बेताला आली. वडलांनी सुताराकडून तयार उंबरा आणला, दारात नुसता ठेवला, सुनेने माप लवंडलं, आत आली, आणि त्यांनी तो उचलून भिंतीला लावला. "बाकीच्यांना वर्षभर उंबरा आन् आमच्याकडं एक दिसाचा," आत्या म्हणाल्या. "वयनी आत आली तीसुद्धा माझ्याच वाटंनं."

पण मला छळत होती ती वेगळी गोष्ट. मधल्या टप्प्यावर वाट थोडी सपाट होते. तिथे भिंतीत लोखंडी खटका आणि वर पितळी घंटा. त्यानंतर पुन्हा उतार लागतो आणि लगेच वाटेला फाटा फुटतो. एक फाटा वळून खाली ओटीवर जातो. दुसरा सरळ पुढे, आणि चक्क चढत जातो. अरुंद, ना दार ना खिडकी. शेवटी नुसती भिंत, आणि भिंतीला उभी बांधलेली एक जुनी जाड गादी. फाट्यावर बिजागरीची आडवी फळी. मी त्या बोळात रांगत गेले, गादीला नाक लावलं, जुन्या कापसाचा वास घेतला, काही कळेना. कॅमेरामनचं म्हणणं, धान्याचं कोठार असणार. मी म्हटलं, कोठाराला चढ कशाला? मग त्याने सांगितलं की बांधणाऱ्याचं माप चुकलं असेल आणि तो ते लपवत असेल. हे मला आवडलं, कारण आमच्या धंद्यात बरंच काही असंच जन्माला येतं.

आत्यांनी आम्हाला दुपारच्या जेवणापर्यंत तंगवलं. मग म्हणाल्या, "माझा बाप घाटात सांधेवाला होता. रेल्वेत."

सांधेवाला म्हणजे रुळांचे सांधे फिरवणारा. बोरघाटात उतारावर गाडीचा ब्रेक सुटला तर ती सुसाट खाली येऊ नये म्हणून मध्ये मध्ये रुळांना एक आडवाट काढलेली असते, डोंगरात वर चढणारी. सुटलेली गाडी त्या चढावर जाते, दमते आणि थांबते. गंमत अशी की सांधा नेहमी त्या आडवाटेकडेच लावून ठेवतात. वरून येणाऱ्या गाडीने आधी थांबायचं, मी ताब्यात आहे हे दाखवायचं, मग सांधेवाला तिला खालची वाट मोकळी करून देणार. आत्यांचे वडील नोकरीभर हेच करत राहिले. पोर मोठी होत चालली, आईच्याने कडेवर उचलवेना, तेव्हा ते एकदा ड्युटीवरून आले आणि कोळशाने जमिनीवर रेघा ओढत बसले, असं आत्यांनी सांगितलं.

घरातली फळी तशीच आहे. ती कायम आडवाटेकडे वळलेली. वरून आलेल्या आत्यांनी सपाटीवर थांबायचं, खटका दाबायचा, घंटा वाजते, फळी फिरते, मग खाली. गाडी पुढे गेली की लोंबत्या वजनाने फळी पुन्हा जागेवर. आणि हा नियम घरात सगळ्यांना होता, धडधाकट पायांच्या माणसांनाही. आत्यांचा भाऊ, वहिनी, पाहुणे, घंटा दिल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. नाहीतर वडील त्याला परत वर पाठवत.

"आणि आडवाटेला कधी गेला होतात तुम्ही?" मी विचारलं.

"ल्हानपणी मुद्दाम जायचो. भाचा तर दिसभर. आई ओरडायची, गादी फाटंल." आत्यांनी ब्रेकच्या दांड्यावरून हात फिरवला. "तशी गरज नाय पडली कधी. माझा हात घट हाय."

भाच्याला दाखवायचा प्रसंग आम्ही शेवटच्या दिवसासाठी ठेवला. कॅमेरा फाट्याच्या कोपऱ्यात, जमिनीलगत. मी मागे मायक्रोफोनची काठी धरून. आत्या वरच्या खोलीतून निघाल्या. ठेवणीतलं पातळ, केसांत अबोली. चाकांचा घरघर आवाज जवळ येत गेला, सपाटीवर थांबला, घंटा वाजली, फळी फिरली, आणि त्या आमच्या समोरून अशा काही गेल्या की कॅमेरामनने तोंडाने 'वा' म्हटलं आणि माझा आवाजाचा ट्रॅक बिघडवला. काय तो डौल! एक हात ब्रेकवर, दुसरा मांडीवर, मान ताठ. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन त्यांना मिठीच मारली. जिंकलो, असं मला वाटलं. मी कुणाच्या बाजूने आहे हे तोवर मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

पण त्या 'वा'मुळे पुन्हा एकदा घ्यावं लागलं. आत्या दोर ओढत वर गेल्या. जरा जास्त वेळ लागला. मी "झालं का?" असं ओरडले, त्यांनी "आले" म्हटलं, चाकं घरघरली, आणि त्या आवाजात काहीतरी निराळं आहे हे मला कानातल्या हेडफोनमध्ये आधी कळलं. घरघर वाढत होती. सपाटीवर ती थांबली नाही. घंटा वाजली नाही. आत्या दिसल्या तेव्हा त्यांचा उजवा हात दांड्यावरून सुटून हवेत होता आणि त्या बोटं उघडमीट करत त्याच्याकडे नवलाने बघत होत्या. मी काठी टाकली, पण पोचणार कशी? गाडी फळीला लागली, फळीने तिला सरळ आडवाटेवर घातलं, चढावर तिचा वेग उतरत गेला, आणि शेवटी धप्प असा आवाज झाला. बोळातून धूळ आणि कापसाचे पुंजके बाहेर आले.

मी हेडफोन काढून फेकला. आत रांगत गेले तर आत्या गादीला खांदा टेकून बसलेल्या, केसांतली अबोली पुढे आलेली. खोकल्या, मग म्हणाल्या, "धावू नका. थांबलीय गाडी." हाताला मुंग्या आल्या होत्या, बाकी खरचटलेलंही नव्हतं. शेजारच्या काकूंनी येऊन हात चोळून दिला, चहा केला, आणि आम्हालाच झापलं.

आमच्या धंद्यात फसलेल्या शॉटला एनजी म्हणतात आणि तो बाद करतात. त्यावर चर्चाही होत नाही. संध्याकाळी मी लॅपटॉप आत्यांच्या मांडीवर ठेवला, दोन्ही शॉट दाखवले, आणि म्हटलं, "काळजी करू नका. पहिलाच घेतेय. 'वा' काढून टाकता येईल. दुसरा तुमच्या भाच्याला कळणारसुद्धा नाही."

आत्यांनी दुसरा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. हात सुटतो तिथे त्या बघत नव्हत्या. त्यांचं बोट फळीवर होतं, गाडी वळते त्या जागेवर.

"ह्योच ठेव," त्या म्हणाल्या.

"आत्या, हा बघितला तर तो तुम्हाला उद्याच घेऊन जाईल."

"पयल्यात काय हाय गं? एक म्हातारी उतरतीय. दुसऱ्यात माझा बाप हाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "इतकी वर्सं लोक त्याला येडा म्हनले. मी पन कधी कधी मनातून म्हनलेय, कशाला एवढा कुटाना केला, माझा हात काय सुटनार हाय का. आज सुटला. तर त्यानं झेलली मला."

मी वाद घातला. माझा स्वभावच तो. म्हटलं, फिल्म माझी आहे, काय ठेवायचं ते मी ठरवणार. त्यावर त्या म्हणाल्या, "फिल्म तुझी, पन घर माझं. खोटं बघून त्यानं मला इथं ठेवलं, तर ते ठेवणं काय कामाचं?" मी लॅपटॉप जरा जोरातच मिटला. घरी जाऊन मी फिल्ममध्ये दुसरा शॉट लावला. पहिला काढून टाकताना जीवावर आलं.

नवरात्र संपल्यावर भाचा फिल्म बघायला आला. ओटीवर आम्ही चौघं, लॅपटॉप पाटावर. तो शांतपणे बघत होता, उंबऱ्याच्या गोष्टीला हसलाही. मग चाकांचा आवाज आला, घंटा वाजली नाही, आणि तो पटकन उठून उभा राहिला. उभ्याने पडद्यावरचं दिसेना, म्हणून पुन्हा बसला. धप्प झालं. कापूस उडाला. 'धावू नका, थांबलीय गाडी,' असं पडद्यावरच्या आत्या म्हणाल्या. खऱ्या आत्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"बघितलंत?" भाचा माझ्यावर ओरडला. "हेच, हेच म्हणत होतो मी!" मग आवाज खाली आला. "परत लावा."

मी परत लावलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच लावलं. मग तो उठला, आत्यांजवळ गेला, त्यांना उचलून सतरंजीवर बसवलं, आणि रिकामी गाडी ढकलत वाटेने वर निघाला. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "आत्या, ती गादी अजून तेवढीच धरते का गं?"

आत्यांचा चेहरा एकदम उजळला. मान वर करून त्या ओरडल्या, "घंटा नको देऊस! ब्रेक पन नको! तशीच सोड!"

पन्नाशीचा, पोट सुटलेला तो माणूस वरून घरघरत आला, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात छातीशी. गाडी वळली, चढली, आणि धप्प. आम्ही सगळे बोळाच्या तोंडाशी गेलो, आत्या हातांवर सरकत सगळ्यांत पुढे. आतून काहीच आवाज येईना. कॅमेरामनने घाबरून मोबाइलचा दिवा लावला. तर हा गादीवर कपाळ टेकून बसलेला, गदगदून हलत होता. हसतोय की रडतोय ते पाठीवरून कळत नव्हतं. त्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच गादीत मूठ दाबून पाहिली, इकडे, तिकडे, खाली.

"दगड झालाय याचा," तो म्हणाला. "कापूस सगळा खाली बसलाय. लागलं मला खांद्याला." नाक ओढलं. "दिवाळीनंतर खोपोलीच्या गादीवाल्याला घेऊन येतो. नवा भरून घेऊ. जरा जास्तच भरू."

आत्यांनी पुढे होऊन त्याच्या केसांतले कापसाचे पुंजके काढले.

"दिवाळीनंतर?" त्या म्हणाल्या. "आन् तवर मी काय वरच बसून ऱ्हाऊ व्हय रं?"